अजून थोडं मागे, विमलताई

तुम्ही गाणं अर्धंच ऐकता. पाठ म्हणून दाखवता, नायिकेसारखी मान वेळावून दाखवता, आणि तरी अर्धंच ऐकता. ओळ संपते, मुख्य गायिका श्वास घ्यायला थांबते, मागून वीसेक गळे ती ओळ उचलून धरतात. नेमकं तेव्हाच तुम्ही विडी पेटवता, चहा मागवता, शेजाऱ्याशी बोलून घेता. ती जागा तुमच्या लेखी मोकळी असते. त्या मोकळ्या जागेत आम्ही उभे असतो!

आम्ही म्हणजे कोरस. मी बी.ए. झालो, वडिलांनी बघून ठेवलेली कचेरीतली नोकरी नाकारली आणि अंधेरीच्या एका स्टुडिओत कोरसमध्ये जाऊन उभा राहिलो. वडील अजून नीट बोलत नाहीत. आमच्या धंद्यात गाणं थोडं आणि थांबणं फार. वादक सूर लावतात, मास्टरजी, म्हणजे आमचे संगीत दिग्दर्शक, ऐनवेळी चाल बदलतात, मुख्य गायिकेची गाडी यायची असते. आम्ही बाकांवर बसून राहतो आणि एकमेकांना किस्से सांगतो. आता इतके साठलेत की कोणता माझ्या डोळ्यांदेखत घडला आणि कोणता ऐकलेला, हेही कधी कधी कळत नाही. खाली सांगतोय ते मात्र मी पाहिलेले आहेत. बहुतेक सगळे विमलताईचे.

* * *

कोरसला माईक एकच. सगळे त्याच्यासमोर अर्धगोलात उभे राहतात. काचेमागे रेकॉर्डिस्ट बसतो. कोरसमध्ये कुणाचाही आवाज वेगळा ओळखू आला, की ती चूक. मग तो काचेआडून हात हलवतो आणि त्या माणसाला एक पाऊल मागे पाठवतो. म्हणजे गंमत बघा! ज्याचा आवाज बेताचा, तो माईकला नाक लावून उभा. ज्याचा चांगला, तो भिंतीला टेकलेला.

विमलताई माझ्या पहिल्या दिवशीच भिंतीला टेकलेली होती. तिचा आवाज काय सांगू तुम्हाला! नुसता ‘आ’ लावला तरी तबलजी मान वर करून बघायचा.

त्या दिवशी टेक होईना. रेकॉर्डिस्टचा हात हलतोय, विमलताई सरकतेय. शेवटी भिंत संपली, दार आलं. “अजून थोडं मागे, विमलताई!” मग दार उघडून तिला बाहेर व्हरांड्यात उभं केलं. ऊन तळपत होतं. तिने पदर डोक्यावर घेतला आणि तिथून गायली. टेक ओके झाला!

सामंतकाका आमच्यातले सगळ्यांत जुने. ते दाराशी जाऊन म्हणाले, “विमल, जरा वाईट गायला शीक गं. याहून चांगलं गायलीस, तर तुला पुढच्या स्टेशनावर, जोगेश्वरीला उभी करतील!”

सगळे हसले. विमलताईही हसली. मला हसू आलं नाही. मी नवीन होतो ना.

* * *

स्टुडिओच्या मागे म्हशींचा तबेला. खिडक्यांना गोणपाट ठोकून ठेवलेलं, पण म्हैस गोणपाटाला कुठे जुमानते? वर सांताक्रूझहून विमान उडालं की आम्ही तोंड मिटून पुतळे व्हायचो आणि विमान गेलं की म्हशीची पाळी यायची.

एकदा टेक अगदी झकास चालला होता. शेवटचा ‘ओ’ आम्ही लांबवत होतो आणि त्यात म्हशीने आपला ‘ओ’ मिसळला. तोही सुरात! रेकॉर्डिस्ट खाली मान घालून मशीन बघत होता. त्याने न बघताच हात हलवला. “ती मागची कोण जोरात गातेय? तिला मागे घ्या!”

सामंतकाका हात जोडून म्हणाले, “साहेब, ती तबेल्यातच उभी आहे. अजून कुठे नेऊ?”

विमलताई इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि आमचा पुढचा टेकही वाया गेला.

* * *

या सामंतकाकांचंच पुढचं. त्यांची बायको बाळंतपणात गेली. मूलही राहिलं नाही. दिवसकार्य आटोपून ते पहिल्यांदा कामावर आले, तेव्हा डोक्यावर टोपी होती. आत आल्यावर टोपी काढली, तर खाली गुळगुळीत डोकं.

त्या दिवशी गाणं होतं बारशाचं! पाळण्याभोवती बायका आणि मागे पुरुषांचा कोरस. मास्टरजी भला माणूस. म्हणाले, “सामंत, आज जा घरी.”

“घरी जाऊन काय करू, मास्टरजी?” काका म्हणाले आणि आपल्या जागेवर उभे राहिले.

पहिलाच टेक ओके. रेकॉर्डिस्टने काचेमागून अंगठा वर केला आणि माईकवरून म्हणाला, “वा! आज कोरसमध्ये एकही आवाज वेगळा आला नाही.”

काकांनी टोपी घातली.

* * *

विमलताई घाटकोपरला चाळीत राहते. ती आणि तिची आई. नवरा लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी गेला, मग ती माहेरी परतली. कोरसमध्ये यायला लागली तेव्हा चाळीत कुजबुज झाली, पण आई ताठ. “माझी पोरगी गाते, चोरी नाही करत!” असं तिने नळावर सगळ्यांना ऐकवलं होतं म्हणे.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. शेजारी रेडिओ होता आणि आवाज भिंतीतून यायचा. गाणं लागलं. आमच्या स्टुडिओतलंच, बाईंनी गायलेलं. बाई म्हणजे आमच्या मुख्य गायिका. आम्ही त्यांना नुसतं बाईच म्हणतो.

आई भिंतीला कान लावून म्हणाली, “ऐक रे बाळा, माझी विमल!”

मी म्हटलं, “हो ना आई, आता कोरस येईल.”

“कोरस कसला? ही गातेय ना आत्ता, ही!” आणि दारावरून जाणाऱ्या शेजारणीलाही तिने बोलावलं. “ऐकलंत? आमची विमल!” ती शेजारीण माझ्याकडे बघून डोळे मिचकावत निघून गेली. विमलताई स्टोव्हला पंप मारत राहिली.

परत निघालो तेव्हा ती जिन्यापर्यंत आली. मी तडकलोच. “विमलताई, तू सांगत का नाहीस त्यांना?”

“काय सांगू रे? ‘आई, तुला ऐकू येतं ती मी नाही. ऐकू येत नाही ती मी!’ असं सांगू?”

मी एक पायरी उतरलो.

“घरात मी गात नाही,” ती म्हणाली. “लहानपणी गायचे, ते तिला आठवत असेल-नसेल. पण मला एकदा, एक ओळ मिळू दे. माझी एकटीची. ती तिला ऐकवीन आणि मग बाकीचं खरं सांगून टाकीन. रिकाम्या हातांनी कसं सांगू?”

* * *

मी दुसऱ्याच दिवशी मास्टरजींच्या खोलीत घुसलो. म्हटलं, “रेकॉर्डवर कोरसची नावं छापा.”

मास्टरजी पान लावत होते. “सगळ्यांची?”

“सगळ्यांची!”

“अरे बी.ए., तेवढी नावं छापली तर मध्ये भोक कुठे पाडू?”

मी म्हटलं, “मग विमलताईला एक ओळ द्या. एकच! तुमच्या कानांना कळत नाही का ती काय गाते ते?” बरंच बोललो. अन्याय, शोषण, कॉलेजात वादविवाद स्पर्धेत वापरलेले सगळे शब्द वापरले. मास्टरजींनी शांतपणे ऐकून घेतलं. “कळतं रे,” एवढंच म्हणाले. “म्हणून तर ती मागे उभी आहे. ती मागे असली की गाण्याला तळ येतो.”

त्यानंतर बरेच दिवस मला बोलावणं आलं नाही. सामंतकाका म्हणाले, “तुला माईकच्या मागे नाही सरकवला. डायरेक्ट स्टुडिओच्या मागे सरकवला!”

* * *

पुढे मला परत बोलवायला लागले, आणि मग एकदा बाई मद्रासला अडकल्या. इकडे नायिकेची शूटिंगची तारीख हलणार नव्हती, आणि पडद्यावर ओठ हलवायला गाणं तर हवंच. अशा वेळी आमच्याकडे एक पद्धत आहे. कोरसमधल्या कुणाकडून तरी गाणं गाऊन घ्यायचं, त्यावर शूटिंग उरकायचं, मग मुख्य गायिका आली की तिचा आवाज भरून पहिला काढून टाकायचा.

मास्टरजींनी विमलताईला बोलावलं. माझ्याकडे बघितलं नाही.

ती पहिल्यांदा माईकसमोर उभी राहिली. एकटी. रेकॉर्डिस्टचा हात सवयीने वर गेला, ‘मागे’ म्हणायला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हात खाली घेतला. सामंतकाका हळूच म्हणाले, “जोगेश्वरीहून परत आली बघ आमची विमल!”

“बाईंसारखं गा हं,” मास्टरजी म्हणाले. दोन कडवी ती हुबेहूब बाईंसारखी गायली. तिसऱ्या कडव्यात मात्र तिला भान राहिलं नाही. तिथे ती आपल्यासारखी गायली. ओळीच्या मध्यावर बाई जिथे श्वास घेतात, तिथे ती थांबलीच नाही, पुढे जाऊन एका अक्षरावर रेंगाळली. बाकांवर कुणी हललं नाही.

मास्टरजी म्हणाले, “चालेल. काढूनच टाकायचंय.”

बाई मद्रासहून आल्या. त्यांनी ते ऐकलं आणि खरं सांगतो, त्या मनापासून म्हणाल्या, “तिसरं कडवं मला असं नाही जमणार. माझा श्वास वेगळा आहे. मी माझ्या पद्धतीने घेते.” आणि विमलताईकडे वळून विचारलं, “छान गाता हो! नाव काय तुमचं?”

चार वर्षं ती बाईंच्या मागे गात होती.

“विमल,” ती म्हणाली.

* * *

शेवटचा सांगतो आणि थांबतो.

पिक्चर लागायच्या आदल्या आठवड्यात एडिटिंगच्या खोलीतला एकजण मला स्टुडिओच्या फाटकाशी भेटला. म्हणाला, “वाट लागली होती यार! बाईंचं तिसरं कडवं नायिकेच्या ओठांवर बसेचना. बाई गातायत आणि नायिकेचं तोंड बंद! शेवटी तेवढं कडवं जुनंच ठेवलं. रेकॉर्डवर पूर्ण बाईच आहेत. पिक्चरमध्ये तेवढं ते तुमच्या विमलचं राहिलंय. कुणाला कळणार आहे? मास्टरजीही हो म्हणाले.”

मी तडक घाटकोपर गाठलं. विमलताई धुणं वाळत घालत होती. ऐकलं आणि तिने ओलं लुगडं तसंच छातीशी धरलं. म्हणाली, “अख्खं कडवं?”

“अख्खं!”

“मग आईला नेऊ. तिथून परत येताना सांगेन. सगळं सांगेन.”

दुपारचा खेळ. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पडदा तिला नुसत्या उजेडासारखा दिसतो, म्हणून ती पिक्चर ऐकायला येते. ती मधे, एका बाजूला विमलताई, एका बाजूला मी. विमलताईने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. आमच्या मागच्या रांगेत गिरणीतला वाटावा असा एक कोकणी माणूस बायको-मुलांना घेऊन बसला होता.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं, बाई. आईने विमलताईचा हात हातात घेतला आणि थोपटायला लागली. दुसरं कडवं, बाई. मागून कोरस आला. त्यात मी होतो, सामंतकाका होते. आईने माझ्याकडे वळून मोठ्या अभिमानाने सांगितलं, “आमची विमल!”

मग तिसरं.

अंधारात मी विमलताईकडे बघत होतो. तिचे ओठ हलत नव्हते. डोळे मिटलेले. पडद्यावर तिचा आवाज त्या ओळीच्या मध्यावर आला, थांबला नाही, पुढे गेला.

आईचा थोपटणारा हात थांबला. तिने मान वाकडी करून ऐकलं. जरा अजून ऐकलं. आणि मग चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, “ही कोण मधेच? विमल, तुझं गाणं हे असं मधेच दुसऱ्या कुणाला का देतात गं?”

आईचा आवाज आणखी चढला. “अगं, सांगत का नाहीस त्यांना? कोण ही बाई?”

मागचा माणूस पुढे वाकला.

“आजये, गप रव गे जरा,” तो म्हणाला. “बरां गाता हा तां. आयकूक दी.”