शेकोटीपासून लांब

वडीगोद्रीच्या रस्त्याला कुणी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या, की त्या धुराच्या वासानं मला आमच्या चर्चचं अंगण आठवतं.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी तिथं नाटक असायचं. त्या वर्षी पप्पा पेत्र झाले होते आणि मी दासी. येशूला पकडून नेलेलं, आणि त्याचा शिष्य पेत्र शिपायांच्या शेकोटीपाशी बसलेला. ऐन उन्हाळ्यात खरीखुरी पऱ्हाटी पेटवलेली. पप्पांच्या कानामागून घाम गळत होता.

"तूही त्याच्यासोबत होतास ना?" मी विचारलं.

"मी त्या माणसाला ओळखत नाही."

शेजारच्या चंद्रकलामावशी पहिल्यांदाच नाटकाला आल्या होत्या, त्यांना गोष्ट ठाऊक नव्हती. मागच्या सतरंजीवरून त्या म्हणाल्या, "असं काय करून राह्यले भाऊ? आत्ताच तर त्याच्या पंगतीला जेवले ना? ओळखतो म्हणा की."

सगळे हसले. शिपायांनी पुन्हा विचारलं तेव्हा पप्पांचा आवाज पार खाली गेला. कोंबडा आरवायच्या आधी तू मला नाकारशील, असं येशूनं पेत्राला आधीच सांगितलेलं. पडद्यामागं कोंबडा आरवला आणि पप्पा खरंच रडले.

घरी जाताना मी म्हणाले, "मावशीचं बराबर होतं, पप्पा."

"बराबरच होतं. पण ती शेकोटीपासून लांब बसली व्हती, बाई."

तेव्हा वाटलं, पप्पा धुराबद्दलच बोलतायत. पुढं नोकरीत, नात्यागोत्यात मीही अशा शेकोट्यांपाशी बसले. आता कुणी घाबरून खोटं बोललं, की मी आधी बघते, आपण किती लांब बसलोय.