चिझुरूबाईंनी नाव काढलं
चिझुरू कुवाहाराचा राग अख्ख्या हिनागावाला ठाऊक होता. मासळीबाजारातले लोकसुद्धा ती दिसली की एकमेकांना म्हणायचे, "बाई आल्या, नीट तोला रे!"

बावन्न किलो गटात ती ज्यूदोमध्ये तीनदा देशात पहिली आली होती. गावानं मिरवणूक काढली, तेव्हा गाडीत तिच्या शेजारी छाती फुगवून बसले होते तिला ज्यूदो शिकवणारे उराकावा गुरुजी. सरावाच्या वेळी गुरुजींच्या हातात बांबूची काठी असे. तिचा गुडघा सुजून टम्म झाला, तेव्हा त्याच गुडघ्यावर काठी टेकवून ते म्हणाले होते, "दुखतंय? मग लवकर जिंकून ये." ती जिंकली. पण त्या लढतीत गुडघा गेला तो कायमचाच. चोविसाव्या वर्षी खेळ संपला. तेव्हा तिनं कमरेत वाकून गुरुजींना नमस्कार केला आणि "आभारी आहे" म्हणाली. पुढं तिला सगळ्यात जास्त चीड आली ती स्वतःच्या त्या नमस्काराची.

गावातल्या शाळेनं तिला मुलींची प्रशिक्षक नेमलं. मुख्य प्रशिक्षक अजून गुरुजीच होते. दुसऱ्या वर्षी चिझुरूनंही एका पोरीच्या कानाखाली वाजवली. पोरगी वाकली आणि म्हणाली, "आभारी आहे, बाई." चिझुरू न्हाणीघरात गेली आणि भिंतीवर मुठी हाणत राहिली. त्यानंतर तिचा हात कुणावर उठला नाही.

मग नात्सुहो आली. सोळा वर्षांची, विजेसारखी पोर. विभागीय स्पर्धेच्या दोन दिवस आधी सरावात तिचं डोकं मागच्या बाजूनं आपटलं. अंतिम लढतीआधी ती हळूच म्हणाली, "बाई, डोकं जड झालंय. दिवे डोळ्यांत टोचतायत."

चिझुरू सरळ पंचांच्या टेबलाकडे गेली आणि तिचं नाव काढून आली. गुरुजी तरातरा आले.

"कुणाला विचारून काढलंस?"

"कुणालाच नाही."

"असली नाटकं पन्नास वर्षं बघतोय मी. तोंडावर पाणी मार, उभी राहील."

"ती उभी राहणार नाही."

"जीभ फार लांब झालीय तुझी. तुला कुणी घडवलं, विसरलीस?"

"विसरेन कशी? रोज जिना उतरताना आठवण होते ना!"

सगळे पंच खाली माना घालून बसले. चिझुरूनं नात्सुहोला टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. कवटीच्या आत रक्त साचलं होतं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, "आणखी एकदा आपटली असती, तर माझ्या हातात काही उरलं नसतं."

मुख्याध्यापकांनी चिझुरूला बोलावलं. "मुलगी वाचली ना? आता गुरुजींची माफी मागून टाका. वयाचा मान असतो."

"माफी त्यांनी मागायची. पोरीच्या आईची."

त्या वर्षी गुरुजींचा सत्कार झाला आणि चिझुरूची नोकरी गेली. कहर म्हणजे नात्सुहोचे वडीलच गुरुजींकडे मिठाईचा डबा घेऊन गेले, 'आमच्या पोरीमुळे तुम्हाला त्रास झाला' म्हणून! हे कानावर आलं तेव्हा चिझुरूनं चहाचा पेला ओट्यावर असा आदळला, की त्याची दोन शकलं झाली. नात्सुहो पुन्हा खेळली नाही. आता ती शहरात लोकांचे केस कापते. टाक्यांची खूण तिच्या केसांत झाकली जाते.

चिझुरू बंद पडलेल्या एका शाळेच्या हॉलमध्ये चौदा मुलींना शिकवते. गेल्या वसंतात एक गृहस्थ लेकीला घेऊन आले.

"आळशी आहे हो ही. खुशाल चार फटके द्या, बाई. माझी काही हरकत नाही."

चिझुरूच्या कानशिलाची शीर उडायला लागली. "मोजे काढा."

"हिनं?"

"तुम्ही. या मॅटवर."

अर्धा तास तिनं त्यांना नुसतं पडायला शिकवलं. मागं, कुशीवर, पुन्हा मागं. घामाघूम होऊन ते धापा टाकायला लागले. लेक तोंडावर हात दाबून हसत होती.

"आता बोला. कुणाला द्यायचे फटके?"

"कुणालाच नको, बाई."

"मंगळवारी साडेचारला पाठवा तिला," चिझुरू म्हणाली. "आणि तुम्ही बाहेर थांबायचं."