वरच्या घरातली बिननावाची

माझ्या मैत्रिणींची तक्रार आहे, की हिच्याशी कुठल्याही विषयावर बोला, पाच मिनिटांत गाडी नावांवर येते. मी तरी काय करू? एकवीस वर्षं अंगणवाडी चालवतेय. वाडीत जन्मलेलं प्रत्येक पोर आधी माझ्या वजनकाट्यावर आणि मग माझ्या रजिस्टरात येतं. आपल्याकडे बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. त्यानंतर नावं ठेवायचं काम मी करते. असे किस्से मग डब्यात चिल्लर साठावी तसे साठत जातात, आणि चार माणसं जमली की वाजायला लागतात.

आमची वाडी पोलादपूरहून आंबेनळीच्या वाटेवर, रस्त्याला लागूनच. तीसेक घरं. अंगणवाडीत आम्ही दोघी: मी सेविका आणि पारूमावशी मदतनीस. मावशी माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, खिचडी तिची आणि शेवटचा शब्दही तिचाच.

तर या रजिस्टरातली एक ओळ तीन वर्षं माझ्या डोक्याला ताप होऊन बसली होती. वरच्या घरातल्या वंदनाची मुलगी. नावाच्या रकान्यात नुसतं 'बाळ', तेही पेन्सिलीनं. वंदनाची आधीची दोन बाळं गेली. दोघांची बारशी झाली होती, दोन्ही बारशांच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात. पहिली मुलगी बारशानंतर आठ दिवसांत गेली, मुलगा महिन्याभरानं. तिसरी झाली तेव्हा मी रजिस्टर घेऊन वर गेले, तर वंदना शांतपणे म्हणाली, "बाई, नाव ठेवलं का पोर जातंय. हिचं नायच ठेवायचं."

सासूनं जुना उपाय काढला. घरात पोरं जगत नसली की आमच्याकडे दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवत, म्हणजे कुणाची नजर जाऊ नये. सासू म्हणाली, दगडी ठेवू. वंदना म्हणाली, दगडी हेसुद्धा नावच हाय.

मग पोरीला ज्याला जे सुचेल ते तो म्हणायचा. पारूमावशीची ती चिमी, शेजारच्यांची ठकी, आजीची बाय. तिचं पुढे सांगते. आधी बाकीच्यांची हजेरी घेऊ.

*

रायगड किल्ला आमच्या जिल्ह्यात, त्यामुळे आमच्याकडे नावांचा प्रश्न तसा सोपा असतो. एका वर्षी माझ्याकडे बारा मुलं होती, त्यांत शिवांश, शिवराज, शिवतेज, शिवम आणि एक शिवन्या. घरी पाचही जण शिवाच. खिचडीच्या वेळी मी "शिवा, ताट आण" म्हणाले की पाच ताटं यायची, आणि "शिवा, मस्ती करू नको" म्हणाले की एकही जण आपल्याला म्हटलं असं मानायचा नाही.

पारूमावशीनं दोन दिवसांत निकाल लावला. नळाजवळचा शिवा, खालच्या आळीतला शिवा, दाताचा शिवा, मुलगी शिवा आणि रडका शिवा. रडक्या शिवाची आई तावातावानं आली. माझ्या मुलाला रडका म्हणता, त्याच्या मनावर परिणाम होईल, मी वर तक्रार करीन. मावशी खिचडी ढवळत राहिली. मी सारवासारव करत होते, तेवढ्यात शिवाचे आजोबा त्याला न्यायला आले आणि दारातूनच म्हणाले, "आमचा रडका कुठं हाय गो?"

आईनं मुलाचा हात धरला आणि घरची वाट धरली.

*

माझी मैत्रीण सुजाता महाडात अंगणवाडीतच आहे. महिन्याच्या मीटिंगला आम्ही शेजारी बसतो आणि सूचना सोडून बाकी सगळं ऐकतो. तिच्या थोरलीचं नाव प्रज्ञा, धाकटीचं करुणा. आता प्रज्ञा आणि करुणा म्हटलं की बौद्ध घरात तिसरं नाव कुणाला सांगावं लागत नाही. प्रज्ञा, शील, करुणा! हिनं मधलंच वगळलं होतं, आणि दोन मुलींवर ऑपरेशनही करून घेतलं होतं.

दर मार्चला चवदार तळ्यावर हिचे सगळे नातेवाईक भेटतात. मामी, काकी, पुण्याची नणंद, ठाण्याची जाऊ. प्रत्येकजण वंदन झालं की हिच्याकडे वळून विचारणार, "मग, शील कधी?" हिनं सात वर्षं ऐकून घेतलं. ऑपरेशन झालंय म्हणून सांगितलं तरी पुढच्या मार्चला प्रश्न आहेच.

आठव्या वर्षी हिनं सगळ्यांना सांगितलं, यंदा या, शील बघायला या. पन्नास माणसं आली, कुणी झबलं घेऊन, कुणी चांदीचा वाळा. सुजातानं सगळ्यांना नव्या बांधलेल्या घरासमोर उभं केलं. दारावर पाटी होती: 'शील'. झबली तिनं परत केली नाहीत, ती आमच्या अंगणवाडीला दिली.

*

टोपणनावं हा तर वेगळाच कारभार. आमच्या वाडीत लग्नपत्रिकेवर कंसात टोपणनाव छापलं नाही तर लग्नाला माणूस यायचा नाही. कारण चि. प्रशांत म्हणजे कोण, हे कुणालाच ठाऊक नसतं.

असाच आमच्याकडचा एक प्रशांत मुंबईला नोकरीला. त्यानं आईसाठी ऑनलाइन मिक्सर मागवला, पत्ता गावचा आणि नाव स्वतःचं. कुरिअरवाला पोलादपूरहून उन्हात आला आणि नेमका आईच्याच दारात उभा राहून विचारू लागला, प्रशांत कुठे राहतो. आईनं विचार केला, शेजारणीलाही विचारलं आणि सांगितलं, या नावाचा कुणी आमच्यात नाय. वर त्या माणसाला ताक दिलं आणि मिक्सर परत पाठवून दिला.

रात्री मुलाचा फोन आला. आई म्हणाली, "अरे पप्या, तुझं नाव प्रशांत हाय ते मला कुणी सांगितलंन?"

*

दुसऱ्यांना काय हसू? मी लग्न होऊन बिरवाडीहून इथे आले, तेव्हा नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. मोठ्या हौशीनं निवडलेलं, ऐश्वर्या. सासूबाईंनी ताटात डोकावून बघितलं, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून मला 'बिरवाडकरीण' म्हणायला लागल्या. मोठी जाऊ वरंधची म्हणून वरंधकरीण, मी बिरवाडकरीण. ऐश्वर्या कागदावरच राहिली.

मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू! सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात त्यांना नावं आठवेनाशी झाली, मुलांचीसुद्धा. मी पाणी घेऊन गेले की मात्र म्हणायच्या, "बिरवाडकरीण हाय ना? मग चिंता नाय." आता मला कुणी त्या नावानं हाक मारत नाही, आणि त्याचंही वाईट वाटतं.

*

बारशाचा एक सांगते. खालच्या आळीतल्या मुलाचे वडील अंधेरीला असतात. त्यांनी तिथल्या कुणा अंकशास्त्र्याकडून नाव काढून आणलं, क्रियांश. इंग्रजीत त्यात दोन ए आणि एक एच जास्तीचा, कारण आकडा जुळत होता. मला कौतुकानं सांगितलं की हे नाव तालुक्यात दुसऱ्या कुणाचं निघणार नाही. मी म्हटलं, पहिल्याचंही निघणार नाही, कारण ते कुणाला म्हणता येणार नाही. ते हसले नाहीत.

बारसं झोकात. फुगे, केक, पाळण्यावर लायटिंग. आत्या सकाळपासून नाव पाठ करत फिरत होती. मग वेळ आली, बायकांनी पाठीवर धपाटे घातले, कुर्रऽ झालं, आत्या बाळाच्या कानाशी वाकली आणि वाकलेलीच राहिली. नाव साफ गेलं डोक्यातून! भाऊ समोर मोबाइल धरून शूटिंग करतोय, मागून धपाटे पडतायत. शेवटी ती बाळाच्या कानात म्हणाली, "बाळ्या." आमच्या शेजारच्या बाईनं ते ऐकलं, म्हणजे वाडीनं ऐकलं.

भाऊ चिडून दुसऱ्या दिवशी मुंबईला गेला. पण कानात पडलेलं नाव ते खरं, असं सगळ्या म्हाताऱ्यांचं मत पडलं. महिनाभरानं मी वजन करायला गेले, तर बाळाचा बाबा व्हिडिओ कॉलवर होता. घसा ताणून ओरडत होता, "बाळ्या, ए बाळ्या, इकडे बघ रे!"

*

आता माझी स्वतःची चूक. पुरेशी वर्षं झाल्यामुळे सांगायला हरकत नाही असं म्हणणार होते, पण दीडच वर्ष झालंय.

आमचं रजिस्टर आता मोबाइलमध्येही भरावं लागतं. वंदनाच्या मुलीच्या नावाशी आलं की ॲप अडायचं. सुपरवायझर मॅडमचा फोन यायचा, तुमच्या एकाच नोंदीमुळे सगळ्या बीटचं, म्हणजे आसपासच्या सगळ्या अंगणवाड्यांचं काम थांबलंय. एकदा मॅडम फोनवरच असताना मी वैतागून त्या रकान्यात मनाला येईल ते टाकलं. वैष्णवी. ॲप खूश, मॅडम खूश.

चौथ्या दिवशी लसीच्या आठवणीचा मेसेज गेला, पण वंदनाला नाही. तिच्या नवऱ्याला. तो बिरवाडीला कंपनीत आहे, तिथेच खोली घेऊन राहतो, रविवारी घरी येतो. मेसेज होता, वैष्णवीला डोसला आणा. त्या बिचाऱ्याला वाटलं बायकोनं शेवटी मन घट्ट केलं. त्यानं खोलीवरच्या सगळ्यांना पेढे वाटले आणि मग घरी फोन लावला.

वंदना पोरीला कडेवर घेऊन उतारावरून पळतच आली. पोरीचं अंग त्या दिवशी कोमट होतं. दाढा येत होत्या, दुसरं काही नव्हतं. पण वंदनाचे ओठ पांढरे पडले होते. "बाई, नाव तुम्ही ठेवलांव?" एवढंच ती म्हणाली. मी तिच्यासमोर मोबाइल काढला आणि तिच्यासमोर ते नाव पुसलं. पुन्हा 'बाळ' केलं. तिनं स्क्रीनकडे बघून खात्री करून घेतली, तेव्हा ती बसली.

मी लोकांना लसीकरणावर भाषणं देणारी बाई. अंधश्रद्धेवर पोस्टर लावते. पण त्या संध्याकाळी दोन वेळा चढ चढून वर गेले आणि पोरीच्या कपाळाला हात लावून आले. सकाळी ताप नव्हता. नवऱ्याला खरं काय ते कळलं, तेव्हा त्यानं मला एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

*

यंदा पोरगी तीन वर्षांची झाली आणि अंगणवाडीत आली. गोरी नाही, काळी नाही, तुकतुकीत. खिचडी दोनदा मागून घ्यायची. एकच त्रास, हाकेला बघायची नाही. मी 'बाळा' म्हणायचे, मावशी 'चिमे', मुलं काहीही. ती आपली ठोकळे रचतेय. मला काळजी वाटायला लागली. मी वंदनाला सांगून तिला पोलादपूरला कान तपासायला पाठवलं. वंदना एक अक्षर न बोलता घेऊन गेली. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, कान उत्तम. मी मावशीला म्हटलं, मग पोर हट्टी असणार, आईवर गेली.

मागच्या आठवड्यात पोषण आहाराचा टेम्पो आला. पाकिटं उतरवून झाली, आम्ही दोघी आत मोजून ठेवत होतो. टेम्पो अंगणात वळवायला म्हणून मागे यायला लागला. मी दारात येऊन बघते, तर कोंबडीच्या पिल्लामागे वंदनाची पोर टेम्पोच्या मागच्या चाकांकडे निघालेली. ड्रायव्हरच्या गाडीत गाणी मोठ्यानं लागलेली, त्याला काही ऐकू जाणार नव्हतं.

मी ओरडले, "बाळा!" मावशी ओरडली, "चिमे!" समोर रस्त्यापलीकडे नळावर बायका होत्या, त्यांतली एक ठकी म्हणून ओरडली, दुसरी बाय म्हणून. पोर पिल्लाकडे बघत चाललीच होती. मी पायरी उतरले, पण अंगण लांब होतं आणि माझे गुडघे माझे राहिलेले नाहीत.

तेवढ्यात नळावर हंडा पडल्याचा आवाज झाला.

"तारा!" वंदना ओरडली.

पोरगी जागच्या जागी थांबली. टेम्पो तिच्यापासून दोन पावलांवरून मागे निघून गेला. सगळ्या वंदनाकडे बघतायत आणि वंदना तोंडावर पदर दाबून उभी.

पोरीनं वळून आईकडे बघितलं.

"काय गो?" ती म्हणाली.