रिकाम्या रापणीचा वाटा

बाये गो, फोनवर बोलून पाठवतेय तो निरोप शेवटपर्यंत ऐक. आजीला फोनवर "मी आता गावाला येतच नाही" असं सांगतात का? मला उत्तर द्यायला सवडही दिली नाहीस.

तुझ्यावर नाही, मी चिडलेय गावातल्या शिकलेल्या मुलांच्या त्या सत्कारावर. पत्रिकेत तुझं नाव होतं, म्हणून ठेवणीतलं पातळ नेसून शाळेत गेले. बघते तर शाळा समितीच्या अध्यक्षाने तुझं नाव यादीतून काढलेलं. वर मलाच म्हणतो, "काकी, तिका काय गावलाच नाय मा? गावला काय करूया सत्कार." म्हणे, तुला काही सापडलंच नाही. मागच्या बाकांवरचे हसले.

आता हे तुझ्या कानावर कोणी घातलं ते विचारत नाही. पण मी गप्प बसले असेन असं तुला वाटलंच कसं? खळ्यात आमसुलं वाळत घालताना तूच मला समजावलं होतंस. जगात न दिसणारं डार्क मॅटर भरलंय, त्यातलं थोडं सूर्याच्या पोटात अडकत असेल, तिथे आपसात आदळून संपत असेल. तसं असलं तर सूर्याकडून गॅमा किरण नेहमीपेक्षा जास्त यायला हवेत. तुम्ही वर्षानुवर्षं मोजलेत, जास्तीचे आले नाहीत. म्हणजे ज्या तऱ्हेचं डार्क मॅटर तुम्ही धरून चालला होतात, ते तिथे नाही. एवढं मला कळतं, आणि ह्या अध्यक्षाला कळू नये? घरची रापण आहे त्याची. किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी जाळं ओढण्यात जन्म गेला.

मी उभी राहिले. "काय रे, परवा तुझी रापण रिकामी इली. मगे काल पलीकडच्या किनाऱ्यार घातलंस ती कित्याक?"

"हयसर मासो नाय ह्या कळला म्हणान."

"तां तुका कोणी सांगल्यान? रिकाम्या जाळ्यानच मा?"

"तां वेगळा, काकी."

"वेगळा कसला? आणि परवा ओढूक इलेल्यांका कालच्या मासळीतलो वाटो दिलंस काय नाय?"

द्यावाच लागतो. दोरीला हात लावला की वाटा, त्या दिवशी जाळं रिकामं आलं तरी, हा त्यांच्या घरचा जुना रिवाज. तो पाहुण्यांना नारळ वाटायला वळला. मी नारळ न घेताच घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको बांगडे घेऊन दारात. म्हणाली, "नातीचो वाटो, काकी." मासे मी घेतले, राग मात्र सोडलेला नाही. हसले ते चारचौघांत आणि मासे आले मागच्या दाराने, हे मला चालणार नाही. तुझं नाव त्याच शाळेत, त्याच बाकांसमोर घ्यायला लावीन.

पण त्यासाठी तू इथे हवीस ना. बांगडे मीठ लावून खळ्यात सुकवलेत. तुझा वाटा, मी तोंडात घालणार नाही. लवकर ये गो.