नाळेची मुलं

सालकिनच्या हातात लाल पेन्सिल असली की कचेरीतलं कोणी तिच्याशी बोलायला जात नसे. तालुक्याच्या आरोग्य कचेरीत आकड्यांचं काम कित्येक वर्षं तिच्याकडे होतं. कुठल्या गावात किती जन्मले, किती गेले, कोणत्या ओढ्याचं पाणी पिऊन कावीळ पसरली, हे सगळं तिच्या टेबलावरून पुढे जाई आणि जाता जाता स्वच्छ होई. घरोघर जाऊन मोजणीचे अर्ज भरणाऱ्या मुली घाईत असत. एखाद्या म्हाताऱ्याच्या नावापुढे बाळंतपण लिहीत, एखाद्या सहा वर्षांच्या पोरीला विधवा करून टाकत. सालकिन पट्टी ठेवून अशा ओळींवर लाल रेघ मारी. बारीक, सरळ आणि कायमची.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर तिने तेरेक-बेलचे अर्ज स्वच्छ केले आणि बुरुलकान सुईण संकटात सापडली.

तेरेक-बेल हे खिंडीपलीकडचं, तालुक्यातलं सगळ्यांत उंचावरचं गाव. खालच्या गावांतल्या बाया बाळंतपणाला तालुक्याच्या इस्पितळात येत, त्यामुळे तिथले जन्म इस्पितळाच्या नोंदींवरून मिळत. तेरेक-बेलच्या बायांना ती सोय नव्हती. बर्फ पडलं की खिंड बंद होई ती वसंतातच उघडे. तिथली बाळंतपणं गावातल्या दोन खोल्यांच्या केंद्रात किंवा घरी होत आणि ती सगळी बुरुलकान करी. मागच्या तीन वर्षांत गावातली सात तान्ही बाळं गेली होती. सालकिनच्या मोजणीत त्याच काळातले जन्म निघाले एकसष्ट. शंभरामागे अकराच्या वर! खालच्या गावांत हे प्रमाण याच्या निम्मंही नव्हतं.

असा आकडा कागदावर आला की त्याला उत्तर द्यावं लागतं. वरून आदेश आला : सुईणीला कामावरून काढा, केंद्राला कुलूप लावा आणि कागद सरकारी वकिलाकडे पाठवा. सही करायची होती एसेनबेक डॉक्टरांनी. ते तालुक्याचे मुख्य, स्वभावाने सावकाश. त्यांनी आठवड्याअखेर सही करायचं ठरवलं.

बुरुलकान स्वतः खाली आली होती. रुंद हाडाची, वाऱ्याने गाल रापलेली बाई. तिने आपली नोंदवही पुढे ठेवली, पण जिच्यावर आरोप तिचीच वही तिची साक्षीदार कशी होणार, असं डॉक्टरांनी तिला समजावलं आणि ते खोटंही नव्हतं. मग ती दाराशी थांबून सालकिनला म्हणाली, "एजे, सात गेली, ती मी नाकारत नाही. त्यातली दोन तर माझ्या या हातांवर गेली. पण बाकीची कुठे गेली? गाव पोरांनी भरलंय आणि तुमच्या कागदात शुकशुकाट."

एजे म्हणजे मोठी बहीण. एवढं वाईट होऊनही तिने तसं म्हणणं सोडलं नव्हतं, हे सालकिनला लागलं. तिने डॉक्टरांकडे एकदा वर जाऊन यायची परवानगी मागितली. त्यांनी गाडी दिली आणि आभाळाकडे बोट दाखवून लवकर परत यायला सांगितलं.

चालक खडूस होता. खिंडीच्या वळणावर गिअर बदलता बदलता तो म्हणाला, "पुन्हा मोजायला चाललात? मेंढ्या मोजा एजे, मेंढ्या. मेंढी कधी खोटं बोलत नाही."

बाजूच्या कड्यावरून बर्फाची भुकटी उडत होती.

गावात तिची बातमी तिच्या आधी पोचली. दारं उघडत होती, चहा ओतला जात होता, बोरसोकांचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा ढीग पुढे येत होता, पण तोंडं मिटलेलीच. मुलं किती झाली, असं विचारलं की बाया मागच्याच वेळचं उत्तर देत, शब्द न शब्द तोच. एका सासूने तर हसत हसत टोमणा मारला की मागच्या खेपेला आमच्या सुईणीला गिळलंत, आता कोणाचा नंबर?

मुलं मात्र सगळीकडे होती. शेणाच्या गोवऱ्यांच्या ढिगावर, घोड्याच्या पोटाखाली, आज्यांच्या पाठुंगळी. सालकिन चालता चालता ती मोजत होती. बुरुलकानचं म्हणणं खरं होतं.

सगळ्यांत वाईट अर्ज होता नुरियलाचा. तिशीही न गाठलेली बाई. जन्मलेली मुलं तीन, हयात एकही नाही. आदेश काढणाऱ्यांनी या एका अर्जाखाली दोनदा रेघ ओढली होती. सालकिन तिच्याकडे गेली तेव्हा ती चुलीवर दूध तापवत होती. घर नीटनेटकं, नवरा हिवाळ्याचं मांस कापायला भावाकडे गेलेला. सालकिनने प्रश्न विचारला. नुरियलाने डोळे वर न करता उत्तर दिलं, "तीन झाली. तिन्ही गेली."

इतक्यात भिंतीपलीकडच्या घरात एक मूल रडू लागलं. भुकेचं, हट्टी रडणं. नुरियलाचा हात कढईवर थांबला. सालकिनने पाहिलं, तिच्या सदऱ्यावर छातीशी दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले.

दूध उतू गेलं.

"ते मूल कोणाचं?" सालकिनने विचारलं.

"शेजारच्या म्हाताऱ्या आपांचं. तोक्तोबुबू आपांचं."

तोक्तोबुबू सत्तरीच्या पुढे होती. सालकिनच्या अर्जात तिच्या नावापुढे खरंच एक मुलगा होता, वय वर्ष एक, नाव सातिबाल्दी, म्हणजे विकत घेतलेला. त्या ओळीवर लाल रेघ होती. सत्तर वर्षांच्या बाईला वर्षाचं मूल कसं असेल?

सालकिनला आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या जे दिसलं नव्हतं ते आता एकदम दिसलं. ज्या घरात मुलं टिकत नाहीत तिथे पुढचं मूल जन्मताच शेजारणीला विकायचं. खिडकीतून द्यायचं, बदल्यात एखादी कोंबडी घ्यायची आणि मग ते 'तिचं मूल' म्हणून आपल्या घरी पाजायला आणायचं. मृत्यू दारावर आला तर त्याला घर रिकामं दिसलं पाहिजे. आईने कोणाही परक्यासमोर ते आपलं म्हणायचं नाही. भिंतीपलीकडे रडणारं मूल नुरियलाचं चौथं होतं, आणि ते जिवंत होतं.

आता तिच्या तोंडून एकच शब्द हवा होता. चौथा. तो मिळाला तर सगळ्यांत वाईट अर्ज उलटला असता, आणि एक उलटला की दुसरे उलटायला वेळ लागला नसता. सालकिन पुढे सरकली आणि हळू आवाजात तिने समजावायला सुरुवात केली. कागद कोणी वाचणार नाही, नाव कुठे जाणार नाही, सुईणीवर खटला होईल, खिंड बंद झाल्यावर तुमच्याकडे बघायला कोणी उरणार नाही. नुरियलाचे ओठ पांढरे पडले.

"एजे, मला बोलायला लावू नका," ती म्हणाली. "तुम्ही विचाराल तर मी सांगेन. बुरुलकान एजेंसाठी सांगेन. पण मग त्याला काही झालं तर मी काय करू, ते सांगून जा."

दारात बुरुलकान उभी होती. कधी आली होती कोण जाणे.

"पुरे," ती सालकिनला म्हणाली. "माझी नोकरी जायची तर जाऊ दे. तुरुंगातही थंडीच असेल, सवय आहे मला. पण तिच्याकडून हे वदवून घेऊ नका."

"तू कशाला मध्ये पडतेस? तुझ्यासाठीच चाललंय हे."

"माहीत आहे. म्हणूनच सांगते."

सालकिनने अर्ज घडी करून पिशवीत टाकला. तिचे कान तापले होते. ती बाहेर आली आणि कुठे जायचं हे न ठरवता भिंतीपलीकडच्या घरात शिरली.

तोक्तोबुबू पोराला मांडीवर थोपटत होती. तिने सालकिनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तू त्या रेघा मारणारी ना? मला म्हातारी समजून पुसून टाकलंस म्हणे."

सालकिनने मान हलवली.

"बस. चहा घे. पोर माझंच आहे, कोंबडी मोजून दिली आहे मी. शिवाय नाळही मीच कापली." म्हातारीचा चेहरा उजळला. "सुईणीने चिमटा लावला, कात्री मात्र माझ्या हातात. या गल्लीतली नऊ पोरं माझी नाळेची आहेत. बोट दाखव आणि विचार, कुठलं कोणाचं ते सांगते."

सालकिनचा कप ओठाशीच राहिला. त्या मुलखात प्रत्येक मुलाला नाळेची आई असते. घरचे एखादी भली बाई ठरवतात, ती नाळ कापते आणि जन्मभर त्या मुलाची दुसरी आई होते. लग्नात तिचा मान, पहिल्या कमाईत तिला ओढणी. मूल विकलेलं असो, आजीकडे वाढत असो की आईबाप मॉस्कोला मजुरीला गेलेले असोत, नाळेची आई बदलत नाही आणि एका मुलाला दोन नसतात. आणि तिने नाव घेतलं तर दृष्ट लागत नाही, उलट तिने मिरवावं अशीच रीत.

सालकिनला हे सगळं ठाऊक होतं. तीसुद्धा आजीची मुलगी म्हणून वाढली होती. थोरलं नातवंड म्हणून आजीने तिला ठेवून घेतलं होतं, आणि जन्मदात्या आईला ती आजवर वहिनी म्हणत आली होती. तिच्या लहानपणी कोणी मोजायला आलं असतं तर ती कोणाच्या ओळीत बसली असती? लाल पेन्सिलीखाली, दुसरं काय. गावातल्या आज्यांच्या नावांपुढची सगळी मुलं तिनेच छाटली होती. वरचा अंश, मृत्यूंचा, बरोबर होता, कारण मेलेल्या मुलासाठी सगळं गाव रडतं, ते लपत नाही. खालचा छेद, जन्मांचा, चुकला होता.

तिने आईंना विचारणं बंद केलं. दोन दिवस ती फक्त म्हाताऱ्यांकडे बसली. प्रश्न एकच : मागच्या तीन वर्षांत कोणाकोणाची नाळ कापलीत? म्हाताऱ्या बोटांवर मोजत सांगत होत्या. हा वादळात झाला, ही याक हरवला त्या दिवशी, हा गेला बिचारा, दात यायच्या आधीच गेला. चाळीस दिवस न झालेली, अजून कोणाला दाखवलीही नव्हती अशी बाळंही त्यांच्या बोटांवर आली. बुरुलकानला सालकिनने एकाही घरात बरोबर नेलं नाही.

एकशे सहा जन्म निघाले. मृत्यू तेच सात.

ती खाली उतरली तेव्हा खिंडीत गाडीच्या चाकांना साखळ्या लावाव्या लागल्या. चालकाने विचारलं, काय, वाढली का मेंढरं? ती म्हणाली, वाढली, आणि पुढे काच पुसत राहिली.

एसेनबेक डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. आदेश समोरच होता, पेनाचं टोपण काढलेलं. ते म्हणाले की म्हाताऱ्यांना सुईण लाडकी आहे, आणि लाडक्या माणसासाठी लोक मुलंही जन्माला घालतील. शिवाय असा प्रश्न कुठल्याच मंजूर अर्जात नाही. हे त्यांनी रागाने म्हटलं नाही, त्यामुळे सालकिनला उत्तर देणं जास्त कठीण गेलं.

"मग मला जिथे उत्तर आधीच माहीत आहे अशा गावात पाठवा," ती शेवटी म्हणाली. "आक-जारला. तिथले जन्म इस्पितळाच्या नोंदीत आहेत. मी ती नोंद बघणार नाही, तुम्ही ती कपाटात ठेवा. मी म्हाताऱ्यांना विचारून येते."

डॉक्टर बराच वेळ पेनाशी खेळत राहिले. वरून दोनदा फोन येऊन गेला होता. "आणि आकडे जुळले नाहीत तर?"

"तर सही करा. आदेशावर आणि माझ्या राजीनाम्यावरही."

आक-जार हे रस्त्यालगतचं गाव. तिथे नाळ इस्पितळातच कापली जाते, तरी नाळेची आई घरचे ठरवतातच, मूल घरी आणल्यावर तिच्या हातून पहिला सदरा घालतात. सालकिनने रस्त्यात कोणाशी गप्पाही मारल्या नाहीत. परत आली आणि कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून उभीच राहिली. त्यांनी कपाट उघडलं. बोट ओळीवरून खाली सरकत गेलं. बाहेर बर्फ पडायला लागलं होतं.

"अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले. "तुझे?"

"सत्त्याहत्तर."

डॉक्टर नोंद पुन्हा वाचत म्हणाले की यातली एक बाई बाळंत होऊन इस्पितळातूनच माहेरी राहायला गेली आहे. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

आदेश सहीविना परत गेला, सोबत चार पानी खुलासा. त्यात चूक कोणाची हे सालकिनने पहिल्याच ओळीत लिहिलं. खिंड त्याच आठवड्यात बंद झाली. बुरुलकान वर, केंद्र उघडं.

वसंतात सालकिन पुन्हा वर गेली. बुरुलकानने तिला घोडीच्या दुधाचा वाडगा दिला आणि नवा आकडा विचारला. शंभरामागे सहा-सात, सालकिनने सांगितलं, खालच्या गावांपेक्षा अजूनही थोडा जास्तच.

"म्हणजे गेलेली सात ती सातच राहिली," बुरुलकान म्हणाली. मग ती म्हणाली की त्यातली चार खिंड बंद असताना गेली, तेवढंही तुमच्या कागदात कुठेतरी लिहा. सालकिनने ते तिथेच लिहून घेतलं.

नुरियलाचा अर्ज मात्र तिने बदलला नाही. जन्मलेली मुलं तीन, हयात एकही नाही. त्यावर तिने लाल रेघ मारली नाही की दुरुस्ती केली नाही, खाली तपासल्याची सही केली आणि तो इतर अर्जांत ठेवून दिला. सातिबाल्दी चालायला लागला होता. खिडकीतून तिला दिसलं, तो पडला आणि रडत तोक्तोबुबूच्या घराकडे नाही, शेजारच्या दाराकडे पळाला. सालकिनने मान वळवली.