पुसायचा हात

सरक इकडं, पोरी, जवळ बैस. कागदावरूनच बोलावून राह्यले, तरी बैस. औरंगाबादेला सासर काय झालं, मावशीच्या दोन पत्रांना एक उत्तर न्हाई तुझं. लाज वाटते का? न्हाई ना? मंग ऐक.

भोकरदनच्या शाळेत मी तीस वर्षं खडू घासला. फळ्यावर गाई काढल्या, नद्या काढल्या, आंबे तर असे की पोरं ओठ चाटायची. पण शाळा सुटायची घंटा झाली की पुसून टाक! माझं एक चित्र दुसरा दिवस बघू शकलं न्हाई. म्हणून दुष्काळाच्या पुढच्या साली पेन्शनीत निघाले अन् जालन्याहून रंगांची पेटी आणली. एक तरी चित्र मागं राहावं, एवढीच हाव.

आधी तुझ्या काकांना समोर बसवलं. खडूनं उजळ तेवढंच काढायची सवय; पांढऱ्या कागदावर काळा रंग घेऊन मी बराबर तेच केलं. सगळं उलटं आलं: पांढरा पटका काळा, दात काळे, अन् कलप लावलेल्या मिशा पांढऱ्याफेक. हे म्हणाले, "मिसरी तू लावतीस, अन् दात माझे?"

मंग मी लाकडी फळीच घेतली, शाळेच्या फळ्यासारखी काळी केली. हात लगेच मोकळा झाला. तू माहेरपणाला आल्तीस, तुला बसवलं. दर घटकेला तुझं, "मावशी, झालं का? चहा ठेवू?" तरी आठ दिवसांत तू उतरलीस, नाकातल्या चमकीसकट. आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर बघून म्हणाले, "बाई, संक्रांतीनंतर जालन्याच्या प्रदर्शनात लावू."

तू गेलीस त्या दिवशी ओल्या रंगावर शेवटचा हात फिरवत होते. शेजारच्या शाळेची सुटायची घंटा झाली, अन् माझा पदर आपला आपण फळीवर गेला. हे ओसरीवरून ओरडले, "अगं अगं, शाळा त्यांची सुटली, तुझी न्हाई!" तोवर अर्धं तोंड पुसलं गेल्तं.

रडले मी, खोटं कशाला सांगू? तेव्हापासून हे घंटेच्या वेळी हातात कपबशी आणून देतात. म्हणतात, "दोन्ही हात गुंतू दे."

गाल, कान, केस परत जुळवले. डावा डोळा तेवढा आठवणीतून येईना. काढावा तर शाळेतल्या भलत्याच पोरीचा होतो. सासूबाईंना सांग, मावशीकडं डोळा राह्यलाय. संक्रांतीच्या आत ये, पोरी, जल्दी ये. चहा मी ठेवीन, तू फक्त गप बैस.