पाठीतली सुई

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. घरात माझी जीभ सगळ्यांत लांब म्हणतात, पण एवढी एक गोष्ट तिच्यावर कधी आली नाही.

माझी नणंद संध्या खाप्याला असते. तीन वर्षांपूर्वी तिची रेवा, सात वर्षांची, मे महिन्यात आमच्याकडे नागपुरात, महाल भागात राहायला आली. चौथ्या दिवशी ताप. नागपूरचा मे — ऊन लागलं, दुसरं काय? कैरीचं पन्हं पाजलं, तळपायांना कांदा चोळला, कूलरसमोर झोपवलं. दुसऱ्या दिवशी पोर उजेडाला डोळे मिटायला लागली. वेणी घालताना मान खाली कर म्हटलं, तर किंचाळलीच. मान वाकेचना. मी ते पाहिलं — अगदी नीट पाहिलं. आणि संध्याचा फोन आला तेव्हा काय म्हणाले? "मजेत खेळून राहिली." भर दुपारी मीच तिला दही आणायला पाठवलं होतं ना — चोराच्या मनात चांदणं!

तिसऱ्या दिवशी तिला फिट आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? कालपासून, मी म्हणाले. त्यांनी पाठीच्या मणक्यातून सुईनं पाणी काढून तपासलं. मेंदूच्या आवरणाला सूज होती, विषाणूमुळे आलेली. बहुतेक मुलं यातून नीट बरी होतात, म्हणाले. रेवा वाचली, पण फिट्स राहिल्या. पाठ असलेले पाढे गेले. आजही स्वतःचं नाव लिहिताना ती मध्येच थांबते. लवकर नेलं असतं तर फरक पडला असता का? मला माहीत नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

वॉर्डाबाहेर संध्यानं मला गाठलं. "वहिनी, पोरीले त्या सुईनंच झालं ना असं?"

पाठीत सुई टोचली की पोर कामातून जातं — आपल्याकडे कोण म्हणत नाही हे? मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. "हो वं," मी म्हणाले, "मले तं तेव्हाच वाटलं होतं." खोटं कशाला बोलू — केवढं हलकं वाटलं! घरी येऊन पोटभर जेवले मी.

परवा, सोमवारी, संध्या रेवाच्या धाकट्या भावाला घेऊन नागपुरात आली. ओम, चार वर्षांचा. ताप, उलट्या, मान ताठ. डॉक्टर वेगळे होते, पण म्हणाले तेच — पाठीतलं पाणी तपासावं लागेल. संध्यानं 'स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेते' अशा कागदावर सही केली आणि पोराला उचललं. मी शेजारीच उभी होते. ऑटोत बसल्यावर तिनं माझा हात दाबला. "बरं झालं वहिनी, तुमी तेव्हा सांगितलं."

मी तिची पिशवी आत सरकवली.

आज सकाळी तिचा फोन आला. "ताप उतरला. पण झोपूनच राहिला, उठवलं तं उठत नाही." थकला असेल, मी म्हणाले.

आता दुपारचे दोन वाजलेत. फोन समोरच पडला आहे. आणि मी हे तुम्हाला सांगत बसले आहे — तिला नाही.